तरणतलावाला शेवटचा नंबर का?

८ जानेवारी २०२२ रोजी, ओमायक्रॉनची लाट चढत असताना, महाराष्ट्र शासनाने नवे निर्बंध जाहीर केले. जलतरण तलाव, व्यायामशाळा, स्पा आणि ब्युटी सलून बंद. उपाहारगृहं आणि चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेने चालू. दुसऱ्याच दिवशी आदेशात दुरुस्ती झाली. मास्क आणि लशीच्या दोन मात्रा या अटींवर व्यायामशाळा आणि ब्युटी सलूनना निम्म्या क्षमतेची मुभा मिळाली. तलाव मात्र बंदच राहिले. म्हणजे काचा लावलेल्या वातानुकूलित दालनात मास्क काढून जेवता येत होतं, पण महापालिकेच्या उघड्या तलावात, मोकळ्या आभाळाखाली, क्लोरिनच्या पाण्यात पोहता येत नव्हतं.

हा क्रम अनेकांना स्वाभाविक वाटला. पाण्यात सगळे एकत्र उतरतात, पाणी तोंडात जातं, मास्क लावता येत नाही. शिवाय पोहणं ही हौस, ती थांबली म्हणून काय बिघडतं? सर्वसामान्य समज असा होता आणि आजही तोच आहे. प्रस्तुत लेखाचं म्हणणं असं की हा समज वरवरचा आहे. रोग कुठून पसरतो आणि पोहणं कशासाठी असतं, हे दोन्ही प्रश्न त्यात चुकीचे सोडवले गेले. साथ ओसरू लागली की सार्वजनिक तलाव, त्यातही उघड्यावरचे, पहिल्या काही जागांबरोबर उघडायला हवेत. आणि तलावाच्या आतही सर्वांत आधी शिकणाऱ्या मुलांना प्रवेश मिळायला हवा.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. १३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा शहरांतले तलाव, व्यायामशाळा आणि नाट्यगृहं बंद केली, तो निर्णय योग्य होता. विषाणूची ओळख नुकती होत होती. एप्रिल २०२१ मध्ये, प्राणवायूचे सिलिंडर मिळेनासे झाले तेव्हाही तलाव चालू ठेवा असं म्हणणं निर्दयपणाचं ठरलं असतं. वाद बंद करण्याबद्दल नाही. उघडताना जो क्रम लावला गेला, त्याबद्दल आहे.

पहिला मुद्दा : पाण्यावरचा संशय

तलावाकडे संशयाने पाहण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उन्हाळा आला की पोलिओची धास्ती पसरे आणि गावोगावचे तलाव बंद होत. एप्रिल १९५५ मध्ये जोनास साल्क यांची लस मान्य होईपर्यंत हे चालू होतं. त्या भीतीला काही आधार तरी होता. पोलिओचा विषाणू विष्ठेवाटे बाहेर पडतो, तोंडावाटे शरीरात जातो आणि त्याच्याभोवती चरबीचं नाजूक आवरण नसल्याने तो पाण्यात बराच टिकतो.

करोना विषाणूची घडण वेगळी आहे. त्याच्याभोवती मेदाचं आवरण असतं. साबणाने हात धुतले की तो निकामी होतो, कारण ते आवरणच फाटतं. क्लोरिनपुढेही तो फार टिकत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या विषाणुशास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत तपासलं आणि एप्रिल २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. लिटरमागे दीड मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन आणि पीएच ७ ते ७.२ असलेल्या पाण्यात विषाणूची संसर्गक्षमता ३० सेकंदांत हजार पटींहून अधिक घटली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही साथीच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं की तलावाच्या पाण्यातून हा रोग पसरल्याचा पुरावा नाही.

यात पीएचचा आकडा महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं. पाण्यात टाकलेलं क्लोरिन दोन रूपांत राहतं. त्यातलं हायपोक्लोरस आम्ल हे जंतू मारणारं रूप. दुसरं रूप त्या मानाने आळशी. पीएच साडेसातच्या आसपास असला तर दोन्ही जवळपास निम्मी-निम्मी असतात. तो आठच्या वर गेला की कामाचं रूप पाव हिश्श्याच्या खाली येतं. म्हणजे पोतंभर पावडर ओतूनही पाणी अर्धवटच सुरक्षित राहू शकतं. ‘क्लोरिन टाकलंय’ हे तलावावर नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच अपुरं आहे.

आणि नाकात जाणारा तो उग्र वास? पुष्कळांना तो स्वच्छतेची खूण वाटतो. प्रत्यक्षात घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा तो वास असतो. पोहण्याआधी शॉवर घेण्याचा नियम त्यासाठीच आहे.

दुसरा मुद्दा : खरा प्रश्न हवेचा

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट परगण्यात एका गायनवृंदाचा सराव झाला. ६१ जण हजर होते. त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. त्याआधी जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. तिथल्या वातानुकूलन यंत्राचा झोत चर्चेचा विषय ठरला. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच होतं. बंद खोली, न बदलणारी हवा, लांबलेला सहवास आणि तोंडातून सतत बाहेर पडणारा श्वास.

या सूत्रावर तलाव ठेवून पाहावा. महाराष्ट्रातले बहुतेक सार्वजनिक तलाव उघडे आहेत. पुण्याच्या टिळक तलावावर किंवा दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावावर छप्पर नाही. वारा वाहता, ऊन थेट पाण्यावर. पोहणारा माणूस बोलत नाही, कारण त्याचं तोंड बहुतेक वेळ पाण्यात असतं. धोका असतो तो दोन जागी. एक, कपडे बदलण्याची खोली: अरुंद, दमट, खिडकी असलीच तर वर कुठेतरी. दुसरी जागा फक्त नियमाने पोहणाऱ्यांच्याच लक्षात येईल. फेरी संपली की लेनच्या टोकाला भिंतीशी चार जण धापा टाकत थांबतात आणि गप्पा सुरू होतात. श्वास जोरात असतो, अंतर हातभराचं असतं.

दोन्हींवर उपाय होता. इंग्लंडमध्ये तलाव उघडले तेव्हा पोहणाऱ्यांना घरूनच पोहण्याचे कपडे घालून यायला सांगितलं गेलं, म्हणजे कपडे बदलण्याच्या खोलीतला वेळ जवळपास संपला. लेनच्या टोकाशी थांबू नका, हे सांगायला जीवरक्षकाची शिट्टी पुरते.

इंग्लंडच्या वेळापत्रकातली आणखी एक बाब बोलकी आहे. तिथे ४ जुलै २०२० ला पब उघडले, ११ जुलैला उघड्यावरचे तलाव आणि २५ जुलैला बंदिस्त तलाव. पबला तलावाआधी संधी देणं हा तोच दोष, पण निदान उघडा आणि बंदिस्त असा फरक तरी तिथल्या सरकारने केला. आपल्या आदेशांमध्ये ‘जलतरण तलाव’ एवढा एकच शब्द आला. पंचतारांकित हॉटेलच्या तळघरातला गरम पाण्याचा तलाव आणि महापालिकेचा आभाळाखालचा पन्नास मीटरचा तलाव एकाच ओळीत बसले. ज्या राज्यात वर्षातले आठ महिने आभाळ कोरडं असतं, तिथे हा फरक न करणं म्हणजे हाती असलेला सर्वांत मोठा फायदा सोडून देणं होतं.

तिसरा मुद्दा : तलावाला शिस्त नवी नव्हती

साथीत सगळ्या सार्वजनिक जागांना ज्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, त्या तलावाला आधीपासून येत होत्या. महापालिकेच्या तलावावर पास लागतो. सभासद होताना वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं लागतं. बॅच ठरलेली असते. ती संपली की शिट्टी वाजते आणि सगळे बाहेर येतात. फाटकावर नोंदवही असते. जीवरक्षक उंच खुर्चीवरून प्रत्येक डोकं मोजत असतो, कारण मोजणं हेच त्याचं काम आहे.

उपाहारगृहात कोण कुठे बसलं याची नोंद ठेवायला मालकाला नवी सवय लावून घ्यावी लागली. भाजी मंडईत ती कधीच लागली नाही. तलावावर मात्र, एखादा सभासद बाधित निघाला तर त्या बॅचमधल्या प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत फोन करता येईल, इतकी माहिती आधीच टेबलावर होती. गर्दी निम्मी करणंही सोपं होतं: बॅचचा आकडा बदलायचा, बस. असं असताना ही जागा नियंत्रणाबाहेरची समजली गेली, हे कोडं आरोग्यशास्त्राने सुटत नाही. ‘मनोरंजन’ या रकान्यात तलावाची नोंद झाली होती आणि तो रकाना शेवटी उघडायचा हे ठरलं होतं, एवढंच त्याचं उत्तर दिसतं.

चौथा मुद्दा : बंद फाटकाची किंमत

तलाव बंद ठेवण्यात धोका नाही, झाला तर थोडा हिरमोड होईल, असं गृहीत धरलं गेलं. ते तपासायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ३६ हजार माणसं बुडून मरण पावली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत हा आकडा दरवर्षी तीस हजारांच्या वर असतो. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणं हा आरोग्य संघटनेने सुचवलेल्या प्रमुख उपायांपैकी एक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडून होणाऱ्या मृत्यूंवर ठराव केला तोही साथीच्या ऐन मध्यात, एप्रिल २०२१ मध्ये. २५ जुलै हा दिवस त्यासाठी मुक्रर झाला.

महाराष्ट्रात एके काळी मुलं विहिरीत पोहायला शिकत. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, काठावर काका किंवा मामा उभा, आणि आठ-दहा दिवसांत डबा सुटायचा. शहरात ती विहीर राहिली नाही आणि तो मामाही नोकरीवर असतो. मग उरतं उन्हाळी शिबिर. एप्रिल-मे महिन्यांत उथळ बाजूला लोखंडी दांडा धरून पाय मारणारी मुलं हे आपल्या शहरांमधलं पोहण्याचं एकमेव सार्वजनिक शिक्षण आहे. २०२० आणि २०२१ असे दोन्ही उन्हाळे त्या बाजूला कुणी उतरलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या दोन तुकड्या न शिकताच मोठ्या झाल्या. धबधबा, धरणाचा जलाशय, पाणी साचलेली दगडखाण, कोकणातला समुद्र यांनी मात्र साथीसाठी फाटक लावलं नव्हतं.

नेदरलँड्सने हा हिशोब वेगळा मांडला. कालव्यांच्या त्या देशात पोहता येणं हे रस्ता ओलांडता येण्याइतकं मूलभूत मानतात; मुलं अ, ब, क अशा पदविका मिळवतात. १६ मार्च २०२१ रोजी तिथे रात्रीची संचारबंदी होती, कॅफे बंद होते, तरीही बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पोहण्याचे वर्ग सुरू करण्यात आले. तिथे तलावाला सुरक्षेच्या शिक्षणाची जागा म्हणून पाहिलं गेलं. जपानमध्ये शाळाशाळांतून तलाव आले त्यामागेही दुर्घटना आहे: मे १९५५ मध्ये ‘शिउन मारू’ ही प्रवासी बोट बुडाली, १६८ जण गेले, त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुलं मोठ्या संख्येने होती.

दुसरी किंमत शरीराची. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसाला डॉक्टर चालायला सांगत नाहीत, पोहायला सांगतात, कारण पाणी वजन उचलून धरतं. मुरलीकांत पेटकर हे या संदर्भात महाराष्ट्राने विसरू नये असं नाव आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेला हा सैनिक उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आला. अपंगत्व आलेल्या, संधिवाताने जखडलेल्या, लकव्यातून उठणाऱ्या किती तरी माणसांसाठी तलाव हा दवाखान्याचाच एक भाग असतो. टाळेबंदीत त्यांचा व्यायाम थांबला, पण दवाखाना बंद झाल्याची नोंद कुठेच झाली नाही.

तिसरी किंमत खेळाडूंनी मोजली आणि ती निदान बातम्यांत आली. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने जून २०२० मध्ये समाजमाध्यमावर लिहिलं की तलाव उघडत नसतील तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलेला हा माणूस महिनोन् महिने पाण्याबाहेर होता. ऑगस्टमध्ये वीरधवल, श्रीहरी नटराज आणि कुशाग्र रावत यांना सरावासाठी दुबईला पाठवावं लागलं. केंद्राने खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी तलाव उघडायला परवानगी दिली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. महाराष्ट्राने ५ नोव्हेंबरपासून. राज्यात बार आणि उपाहारगृहं त्याच्या महिनाभर आधी, ५ ऑक्टोबरला उघडली होती. तिघांना दुबई मिळाली. जिल्हा पातळीवरच्या पंधरा वर्षांच्या मुलीला ती मिळणार नव्हती, आणि पोहणाऱ्याच्या आयुष्यात पंधरा ते सतरा ही वर्षं परत येत नाहीत.

कंत्राटी जीवरक्षक आणि बॅचमागे मानधन घेणारे प्रशिक्षक यांच्या उत्पन्नाचं काय झालं, हे वेगळं सांगायला नको.

आक्षेप आणि उत्तरं

सर्वांत वजनदार आक्षेप असा की प्रयोगशाळेतलं पाणी आणि नगरपालिकेच्या तलावातलं पाणी यांत फार अंतर आहे. फिल्टर प्लांट अर्धा वेळ बंद, क्लोरिन अंदाजाने टाकलेलं, मे महिन्यात पाणी हिरवट. हे खरं आहे. पण असा तलाव साथ नसतानाही बंदच असायला हवा. त्यातून डोळे येतात, पोट बिघडतं, त्वचेला खाज सुटते. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी तर योग्य क्लोरिनमध्येही अनेक दिवस जगतो. म्हणून निकष पाण्याच्या मोजणीचा असावा. ज्या तलावावर दिवसातून ठरावीक वेळा मुक्त क्लोरिन आणि पीएच मोजून फळ्यावर लिहिला जातो तो उघडा. जिथे मोजत नाहीत तो बंद, मग साथ असो वा नसो. शिवाय बंद ठेवलेला तलाव आपोआप निर्धोक होत नाही. अभिसरण थांबलेल्या पाण्यात शेवाळ धरतं, डास अंडी घालतात; आणि रिकामा केला तर फरशा उन्हाने तडकतात, भूजल वर असेल तर तळाला खालून दाब बसतो.

दुसरा आक्षेप मास्कचा. व्यायामशाळेत मास्क लावता येतो, पाण्यात नाही. जानेवारी २०२२ च्या दुरुस्तीमागे हाच विचार असावा. पण मास्क हे श्वासातला विषाणू कमी करण्याचं साधन आहे आणि मोकळी हवा हेही त्याचंच साधन आहे. शिवाय त्याच आदेशात जेवणाऱ्यांना मास्क काढायची सोय होतीच. एकाला बंद खोलीत मास्कशिवाय तासभर बसू द्यायचं आणि दुसऱ्याला उघड्यावर पाऊण तास पोहू द्यायचं नाही, हा निकष एकसारखा लावलेला नाही.

तिसरा आक्षेप अर्थकारणाचा: उपाहारगृहांवर लाखोंची पोटं चालतात, तलावांवर किती? इथे माघार घ्यायला हवी. उपाहारगृहं आधी उघडण्यामागे रोजगाराचं कारण असेल तर ते प्रामाणिक कारण आहे आणि त्याला मान द्यायला हवा. फक्त ते रोजगाराचं म्हणून सांगावं. तलावाला आरोग्याच्या नावाखाली मागे ठेवलं की लोकांच्या मनात पाण्याची खोटी भीती बसते, आणि ती साथीनंतरही निघत नाही.

चौथा आक्षेप कधी उघडपणे घेतला जात नाही, पण निर्णयांच्या मुळाशी असतो: पोहणं ही सुखवस्तूंची चैन आहे. मुंबईसारख्या कोट्यवधींच्या शहरात महापालिकेचे तलाव बोटांवर मोजण्याइतके, म्हणून ते चैनीचे वाटतात. पण क्लबचं सभासदत्व आणि सोसायटीतला खासगी तलाव ज्यांना परवडतो, त्यांच्या मुलांना पाणी कुठे ना कुठे मिळतंच. महापालिकेचा तलाव बंद राहिला की ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, अशाच मुलाचं पाणी तुटतं.

पुढच्या वेळेसाठी क्रम

केंद्राने फेब्रुवारी २०२१ पासून तलाव सर्वांसाठी खुले करायला मुभा दिली, एप्रिलमध्ये राज्यात ते पुन्हा बंद झाले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंदीची यादी आली, फेब्रुवारीत निम्म्या क्षमतेची परवानगी मिळाली आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला सगळे निर्बंध उठले. या दोन वर्षांत प्रत्येक वेळी निर्णय नव्याने आणि घाईत झाला. श्वासातून पसरणारी पुढची साथ येईल तेव्हा तसं होऊ नये, एवढी तयारी आज शांततेत करता येईल.

ती फार मोठी नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात तलावांची ‘मनोरंजन’ या रकान्यातून सुटका करावी आणि उघडे व बंदिस्त अशी दोन गटांत नोंद करावी. उघडे तलाव उद्यानांबरोबर सुरू व्हावेत, बंदिस्त तलाव हवा खेळती असल्याची तपासणी झाल्यावर. आत प्रवेशाचा क्रम ठरलेला असावा: पहिल्यांदा शिकणारी मुलं आणि उपचारासाठी येणारे, त्यांच्या बरोबरीने स्पर्धेचे खेळाडू, मग बाकीचे सभासद. पाण्यात मजा करायला येणाऱ्यांची गर्दी आणि वॉटर पार्क सर्वांत शेवटी. त्यांना शेवटचा नंबर देणं रास्तच आहे. आणि विषाणू पाण्यातून पसरणारा असेल, पोलिओसारखा, तर हा सगळा क्रम उलटा करण्याची तरतूदही त्याच पानावर असावी.

पाण्याच्या मोजणीसाठी साथीची वाट पाहायची गरज नाही. आपल्या गावच्या तलावावर पुढच्या वेळी गेलात की फाटकाशी आजचं क्लोरिन आणि आजचा पीएच लिहिलेला फळा आहे का, ते पाहा. नसेल तर व्यवस्थापकाकडे तो लेखी मागा, आणि मुलांची बॅच पाण्यात उतरण्याआधी मागा.